ठिपक्यांच्या कोंबड्या आणि सुरीची खाच

३ ऑगस्ट

डॉक्टर म्हणाले, "राग आला की बोलू नका, लिहून काढा. रक्तदाब आपोआप उतरेल." म्हणून ही वही. बायकोने आणली. मुखपृष्ठावर टोपी घातलेलं मांजर आहे. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाने मांजराच्या वहीत लिहायचं! पहिला राग त्याचाच.

दुसरा राग चौकातल्या मोठ्या दुकानाचा. तिथे आता आम्हा ज्यू लोकांसाठी वेगळा फ्रीज लावलाय. प्लास्टिकमध्ये गोठवलेली कोंबडी, वर 'कोशर', म्हणजे आमच्या शास्त्राला चालणारं, असा गोल शिक्का. कुठे कापली, कोणी कापली, देव जाणे. शिक्का आहे ना, झालं! आजोबांपासून आमच्या लोकांचं खाटकाचं दुकान हे माझं एकच. मीच शास्त्राप्रमाणे सुरी चालवतो, मीच तुकडे करतो, मीच बांधून देतो. आज सकाळपासून चार गिऱ्हाइकं आली. त्यातलं एक पत्ता विचारायला आलं होतं.

असंच चाललं तर वर्षाअखेर गाशा गुंडाळावा लागेल. मग मी काय करू? मला दुसरं काही येत नाही. आजोबांची सुरी माझ्या हातात आली तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. तेव्हापासून तेच.

बायको म्हणाली, "मोठ्या दुकानात नाही असं काहीतरी ठेवा."

बोलायला काय जातं हिचं. पण मुद्दा बरोबर आहे. तिला सांगितलेलं नाही.

४ ऑगस्ट

रब्बींकडे जाऊन आलो. हे आमचे नवे धर्मगुरू. वय तीस, चष्मा जाड, मला 'काका' म्हणतात. काहीही विचारलं की आधी पुस्तक उघडतात. मी यादीच करून नेली होती.

ससा? "रवंथ करतो असं ग्रंथात म्हटलंय, पण खूर दुभंगलेला नाही. नाही चालत." उंट? "त्याचंही खुरापाशीच अडतं." मग ते डुकराचं सांगायला लागले, की खूर दुभंगलेला पण रवंथ नाही. मी म्हटलं, "अहो, मी खाटीक आहे, मला डुक्कर काय शिकवता!" शहामृग? "त्याचं तर नाव घेऊन मनाई केलीय." टोळ? "काही जातींचे चालतात, पण ज्यांच्या पूर्वजांनी खाल्ले त्यांनाच. आपल्यात कोणी खाल्ल्याचं ऐकिवात नाही."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "मग काय जिराफ विकू?"

त्यांनी पुस्तक उघडलं. दहा मिनिटं वाचलं. मग चष्मा वर करून म्हणाले, "काका, जिराफ चालतो. खूर दुभंगलेला आहे, रवंथ करतो. काही हरकत नाही."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "टांगणार कुठे?"

६ ऑगस्ट

झालं काम! गावाबाहेरचा एक कुक्कुटपालक धंदा बंद करतोय. त्याच्याकडे गिनी कोंबड्या होत्या. बावीस आणल्या. दुकानामागच्या अंगणात सोडल्या. अंग करडं, त्यावर पांढरे ठिपके, डोकं टकलं आणि निळसर, वर एक टेंगूळ, गालाला लाल लोंबत्या. चेहरा हुबेहूब माझ्या शाळेतल्या हेडमास्तरांचा. मोठ्या दुकानाने जन्मात असं काही बघितलं नसेल.

आवाज मात्र आहे. गंजलेली बिजागरी कोणीतरी सारखी उघडमीट करतंय असं वाटतं. वर राहणारे शिंपीदादा खिडकीतून म्हणाले, "माझ्या मशीनला तेल घालायचं राहिलंय असं समजून दोनदा घातलं."

बायको म्हणाली, "आणण्याआधी रब्बींना विचारलंत?"

नाही विचारलं. तिने तीनदा ऐकवलं.

१० ऑगस्ट

रब्बी म्हणतात, जनावराचं सोपं असतं, खूर बघा, रवंथ बघा. पक्ष्यांचं तसं नाही. ग्रंथात मना केलेल्या पक्ष्यांची नुसती नावं आहेत आणि त्यातलं कुठलं नाव कुठल्या पक्ष्याचं हे आज कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून पक्षी खायचा तर दोन गोष्टी लागतात. एक, अंगावरची लक्षणं. दोन, आपल्यातलं कोणीतरी म्हातारं माणूस, ज्याने आपल्या घरात तो पक्षी शास्त्राप्रमाणे कापलेला आणि खाल्लेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय.

"आणि असं माणूस नसेल तर?"

"तर शोभेसाठी ठेवायला छान आहेत, काका."

बावीस शोभेच्या कोंबड्या! डोळ्यांपुढे काजवे चमकले. बायको काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा जास्त लागतं.

११ ऑगस्ट

आज लक्षणांची परीक्षा. पुस्तकात लिहिलंय की पक्ष्याला ताणलेल्या दोरीवर उभं करायचं. दोन बोटं पुढे आणि दोन मागे टाकून बसला तर तो शिकारी, बाद. तीन पुढे, एक मागे, तर पुढचं बघू.

अंगणात ताणलेली दोरी एकच, बायकोची कपड्यांची. त्यावर चादरी वाळत होत्या. "त्या काढू नका, ओल्या आहेत," ती म्हणाली. मग एका कोपऱ्यात वीतभर जागा केली. मी कोंबडी धरली, रब्बी दोरीखाली जमिनीवर उताणे झोपले, कारण बोटं खालूनच नीट दिसतात. कोंबडी दोरी सोडून सगळीकडे बसत होती. पंचवीस मिनिटं. शेवटी बसली. पाय गच्च धरले. आणि तिने वरून रब्बींच्या चष्म्यावर जे करायचं ते केलं.

"तीन पुढे, एक मागे!" चष्मा पुसायच्या आधी रब्बी ओरडले. एवढ्या आनंदाने ओरडताना मी त्यांना प्रार्थनेतही ऐकलेलं नाही.

तीन चादरी परत धुवाव्या लागल्या. मी धुतल्या.

१३ ऑगस्ट

साक्षीदार सापडला! माझी आत्या. बाबांची थोरली बहीण, येत्या थंडीत नव्वद पूर्ण. तिचे यजमान गेल्यापासून दुसऱ्या गावी वृद्धाश्रमात असते. आजोबांच्या घरी ठिपक्यांच्या कोंबड्या असायच्या असं बाबा म्हणायचे. आजोबाही खाटीकच. म्हणजे कापलेली असणारच.

फोन केला. आत्याला सगळं समजावलं. एक वाक्य हवंय, बाकी काही नको. ती म्हणाली, "ठोंब्या, अशी साक्ष फोनवर देतात का? न्यायला ये."

मी अजून ठोंब्याच.

१६ ऑगस्ट

काल शनिवार, आमचा विसाव्याचा वार, लिहायचं नसतं, म्हणून शुक्रवारचा राग आज शिळा करून लिहितोय. आत्याला घेऊन आलो. एका वाक्यासाठी आलेल्या बाईने दोन पेट्या आणल्या. लोखंडी. तिसऱ्या पायरीवर माझी कंबर गेली. मागच्या खोलीत ठेवल्या. बायकोने पेट्यांकडे बघितलं आणि ती त्या खोलीतला शिवणाचा पसारा आवरायला लागली.

१९ ऑगस्ट

आत्या साक्ष देत नाही!

सोमवारी रब्बी आले तर म्हणाली, "चष्मा बदलायला झालाय, पक्षी नीट दिसत नाही." चष्मा बदलून आणला. काल म्हणाली, "आमच्याकडच्यांचे ठिपके मोठे होते वाटतं." आज म्हणाली, "आठवतंय, पण अजून पुरतं आठवत नाही. बसू दे जरा त्यांच्यात." रब्बी शांतपणे वही मिटून गेले. त्यांना काय, त्यांचं दुकान नाही बुडत.

दिवसभर खुर्ची टाकून अंगणात बसते. कोंबड्या तिच्याभोवती. एक तर खुर्चीच्या दांडीवरच बसते आणि बाकीच्यांवर डोळे वटारते. आत्याने तिचं नाव 'मास्तरीण' ठेवलंय. मी सांगितलं, "आत्या, आमच्या धंद्यात नावं ठेवत नाहीत."

"माहितीय," ती म्हणाली. "खाटकाची मुलगी आहे मी."

म्हातारपणी असं होतं. स्मरणशक्ती गेली असावी. मला भीती वाटते, आठवायच्या आत दुकान बंद होईल.

२३ ऑगस्ट

अंडी घालायला लागल्यात. लहान, बदामी, कवच असं टणक की टेबलावर आपटलं तर टेबलाची काळजी वाटावी. रब्बींनी एक उचलून सगळीकडून फिरवून बघितलं. एक टोक गोल, दुसरं निमुळतं. हेही चांगलं लक्षण. पण साक्ष झाल्याशिवाय अंडीही चालत नाहीत, पक्ष्याचा जो नियम तोच अंड्याचा. टोपली भरून नुसती ठेवलीय.

मास्तरिणीने आज एक पाल मारली. रब्बींना सांगावं की नाही, या विचाराने जेवण गेलं नाही. शेवटी सांगितलं. ते म्हणाले, "साधी कोंबडीही मारते, काका. घाबरू नका." तेव्हा जीवात जीव आला. तिला म्हटलं, "पुन्हा असं करशील तर बघ." तिने मान फिरवली. सगळ्यांसाठी कोवळा पाला आणतो रोज, वजन वाढावं म्हणून. अंगणातल्या कोपऱ्यावर पत्रा टाकला, ऊन लागून वजन उतरू नये म्हणून.

२६ ऑगस्ट

आज माझा तोल गेला. डॉक्टरांचं ऐकून लिहायला हवं होतं, पण वही आत आणि आत्या समोर. म्हटलं, "आत्या, आठवत नसेल तर नाही म्हण! हो म्हण नाही तर नाही म्हण! दुकान बुडत चाललंय माझं, आणि तू इथे कोंबड्यांना गोष्टी सांगत बसलीयस!"

ती उठून खोलीत गेली आणि पेटीचं कुलूप वाजलं. बायको माझ्यावर धावून आली. "अहो, त्यांनी दोन पेट्या का आणल्या असतील, कधी विचार केलात?"

"बायकांना कमी सामान घेऊन निघता येत नाही म्हणून."

बायकोने कपाळाला हात लावला.

आत्याच्या दाराशी गेलो. ती लुगडी घडी करून पेटीत ठेवत होती. मला अजूनच राग आला. म्हटलं, "हे काय चालवलंयस? या पेट्या आणताना माझी कंबर गेली, आता परत कोण नेणार? मी नाही नेणार! साक्ष दे नाही तर देऊ नको, पेट्या काही इथून हलत नाहीत. राहा इथेच!"

आत्याने घडी केलेलं लुगडं पेटीतून परत बाहेर काढलं. मग म्हणाली, "रब्बीला उद्या बोलाव. सांगते."

म्हणजे ओरडल्याचा उपयोग होतो. डॉक्टरांना काय कळतं.

२७ ऑगस्ट

साक्ष झाली. जसं बोलली तसंच लिहून ठेवतो.

रब्बी वही उघडून बसले. आत्या म्हणाली, "मी नऊ वर्षांची होते. आमच्याकडे अशा सात होत्या. त्यातली एक माझ्या मागे शाळेपर्यंत यायची आणि फाटकाशी थांबायची. एकदा आईच्या माहेरची माणसं अचानक आली. घरात दुसरं काही नव्हतं. वडिलांनी तीच धरली. स्वतः कापली, नीट शास्त्राप्रमाणे, आता ठोंब्याकडे आहे त्याच सुरीने. आईने शिजवली. सगळ्यांनी खाल्ली."

"तुम्ही खाल्लीत?" रब्बींनी विचारलं.

"नाही. मी ताटावरून उठले. महिनाभर वडिलांशी बोलले नाही."

रब्बींचं पेन थांबलं होतं. "पण खाल्ली हे नक्की? पाहिलंत?"

"हाडं मीच पुरली, बाळा."

मग ते उठले, आत्याच्या खुर्चीजवळ गेले आणि म्हणाले, "साक्ष पुरेशी आहे. पक्षी चालतो."

आत्या मला म्हणाली, "खोटं बोलायचा विचार आला होता रे. पण तुझंही दुकान आहे. ते चालू दे." आणि आत जाऊन पडली.

जिंकलो! मला खूप आनंद झाला. जेवण मात्र गेलं नाही. पित्त असावं.

३० ऑगस्ट

ज्याची वाट बघत होतो ते झालं. आमच्या मंडळाच्या अध्यक्षांच्या मुलीचं लग्न गुरुवारी आहे. स्वतः दुकानात आले. बारा गिनी कोंबड्या हव्यात. "लोकांनी नाव काढलं पाहिजे," म्हणाले. सगळा समाज जेवायला असणार. एकदा पंगतीत नाव झालं की चौकातल्या दुकानाला आपल्या नखाचीही सर यायची नाही. मंगळवारी कापायला घेतो, म्हणजे घाई नको.

बारा कुठल्या, ते ठरवायला अंगणात गेलो. ठरलं नाही. सगळ्या सारख्या हलत असतात.

१ सप्टेंबर

सुरी दगा देतेय.

सुरीचा नियम इथे लिहून ठेवतो, कारण बायकोला चाळीस वर्षांत कळलेला नाही. कापण्याआधी पात्याची धार नखावरून सरकवायची, पुढून, मागून, दोन्ही कडांनी. केसाएवढी खाच नखाला लागली तरी ती सुरी चालत नाही, कारण खाचेने जिवाला यातना होतात. सकाळी वर्षातून एकदाच येणाऱ्या मोठ्या गिऱ्हाइकाच्या चाळीस साध्या कोंबड्या केल्या. आधी तपासली, नंतर तपासली, धार पाण्यासारखी. दुपारी अंगणात गेलो, तीच सुरी, नखावर ओढली तर खाच!

दगडावर लावली. पुन्हा बघितली. खाच. पुन्हा लावली. खाच. पाच वाजेपर्यंत हेच. मास्तरीण माझ्या बुटावर बसून बघत होती. तिला हाकललं तर दुसऱ्या बुटावर बसली.

दगडच खराब झालाय. झिजलाय मधे. नवा मागवला पाहिजे.

२ सप्टेंबर

उद्या लग्न. आज सकाळपासून खाच. बायकोने सुरी हातात घेऊन नखावर ओढली, म्हणाली, "कुठे आहे? मला तर काही लागत नाही." मी म्हटलं, "तुझं नख भांडी घासून घासून बोथट झालंय." यावर जे ऐकावं लागलं ते लिहायला मांजराची वही पुरणार नाही.

शेवटी रब्बींना बोलावलं. त्यांच्यासारखं बारीक बघणारं माणूस नाही. म्हटलं, "तुम्हीच बघा, म्हणजे हिची खात्री पटेल." ते अंगणात आले. उजेडाकडे तोंड करून उभे राहिले. नखाने बारा वेळा बघितलं, मग बोटाच्या मांसाने बघितलं, मग पुन्हा नखाने. आत्या खिडकीशी उभी होती. मास्तरीण बुटावर होती. माझ्या हाताला घाम आला होता, ऊन फार होतं.

रब्बींनी माझ्याकडे बघितलं. खिडकीकडे बघितलं. खाली बुटाकडे बघितलं.

"खाच आहे, काका," ते म्हणाले.

"मी सांगत नव्हतो?" मी बायकोला म्हटलं. इतकं हलकं वाटलं! दोन दिवस मला खोटं पाडत होती.

"कुठे आहे?" बायको पुढे आली.

"काकू, सुरी ज्याच्या हातात, नख त्याचंच. त्याच्या मनात शंका आली की सुरी बाद. नियम आहे तसा." त्यांनी सुरी फडक्यात गुंडाळली, माझ्या हातात दिली आणि विचारलं, "अंडी किती आहेत?"

टोपली दाखवली. आता दोन टोपल्या झाल्यात.

"आत्यांची साक्ष अंड्यांनाही चालते," रब्बी म्हणाले. "आणि अंड्याला सुरी लागत नाही."

अध्यक्षांना मी जाऊन सांगितलं. आधी लालबुंद झाले. मग मी अंडं त्यांच्या टेबलावर आपटून दाखवलं आणि म्हटलं, "असं अंडं अख्ख्या समाजात कोणी खाल्लेलं नाही. कोंबडी साधी ठेवू, अंडी ठिपकेवालीची." टेबलाला पोचा आला. ते हसले.

घरी आलो तर आत्या आणि बायको दोघी अंगणात बसून डोळे पुसत होत्या. काय झालं विचारलं तर बायको म्हणाली, "कांदा चिरला." कांदा कुठेच दिसत नव्हता. दोघींचं आजकाल फार गुळपीठ जमलंय.

९ सप्टेंबर

लग्नाची पंगत झाली आणि आमच्या दारात रांग! परवा आठ माणसं, काल पंधरा. येतात अंड्यांसाठी, आणि आलेच आहेत तर कोंबडीही घेऊन जातात. रब्बींनी आत्याची साक्ष सुबक अक्षरात लिहून दिली, ती गल्ल्यामागे लावलीय. आत्या गल्ल्याशेजारी खुर्ची टाकून बसते आणि विचारणाऱ्याला अख्खी हकीकत सांगते, हाडांसकट. गिऱ्हाइकं थांबून ऐकतात. तिची दुसरी पेटीही उघडून झाली. वृद्धाश्रमाला कळवायचं काम माझ्याकडे आलंय.

चौकातल्या दुकानाचा माणूस परवा विचारायला आला होता, अशा कोंबड्या कुठे मिळतात. मी म्हटलं, "आधी नव्वद वर्षांची आत्या आणा."

बारा कोंबड्यांचं बघायचं आहेच. धंदा आहे, भावनेला जागा नाही. सुरी ठीक झाली की लगेच.

रक्तदाब उतरलाय. डॉक्टर म्हणाले, "लिहिण्याचा परिणाम." असेल.

१४ सप्टेंबर

धार लावायचा नवा दगड आला. फार चांगला आहे, चांगलाच जड. खुराड्याचं दार वाऱ्याने आपटायचं आणि मास्तरीण दचकायची, त्या दाराला लावून ठेवलाय.